‘परव्हेड’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: इंग्रजी ‘परव्हेड’ म्हणजे पसरणंच ना? मग सरळ ‘स्प्रेड’ का म्हणत नाहीत? ‘परव्हेसिव्ह’, ‘वाइडस्प्रेड’ आणि ‘प्रिव्हलंट’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? विचारणाऱ्या ताई नुकत्याच भाषांतराच्या कामाला लागल्या आहेत. त्यांच्यापुढे आलेलं वाक्य होतं, ‘अ सेन्स ऑफ अनईझ परव्हेडेड द मीटिंग’. त्यांनी लिहिलं, ‘सभेमध्ये अस्वस्थतेची भावना व्याप्त होती’. तपासणाऱ्यानं त्याखाली लाल रेघ ओढून ‘कृत्रिम’ एवढा एकच शब्द लिहिला. का कृत्रिम, ते सांगितलं नाही.

मी पंचवीसएक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. कंपन्यांचे अहवाल, आरोग्याच्या पुस्तिका, अधूनमधून कथा-कादंबऱ्या असं सगळं केलंय. अशा लाल रेघा मीही खाल्ल्या आहेत आणि पुढे इतरांना मारल्याही आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पसरणं बघू. शाई सांडली, पसरली. आग पसरली, बातमी पसरली, सतरंजी पसरली. यात हालचाल आहे, इथून तिथे जाणं आहे. आणि कड आहे: शाई इथपर्यंत आली, पुढचा कागद अजून कोरडा आहे. ‘स्प्रेड’ही तसाच शब्द. ‘परव्हेड’ला कड नसते. पसरण्याचं काम आटपल्यावर जी अवस्था उरते, तिचं नाव ‘परव्हेड’.

लहानपणी आम्ही गिरगावात एका चाळीत राहायचो. तळमजल्यावर दुपारी कुणीतरी तव्यावर सुकट भाजायला घ्यायचं. आधी जिन्यात वास यायचा. तेव्हा आम्ही पोरं नाक वर करून सांगायचो, ‘खालून येतोय, डाव्या बाजूच्या खोलीतून.’ दहा मिनिटांनी तो वास दोरीवरच्या कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात, बंद फडताळातल्या पोह्याच्या डब्यापर्यंत पोहोचलेला असायचा. आजी तोंडानं काही बोलायची नाही, फक्त उदबत्ती लावायची, आणि मग घरात सुकट आणि चंदन असे दोन्ही वास सुखानं नांदायचे. आता वास कुठून येतोय असं कुणी विचारत नसे. तो ‘येत’ नव्हता, तो ‘होता’. पहिल्या दहा मिनिटांसाठी इंग्रजीत ‘स्प्रेड’ म्हणतील. त्यानंतर ‘द स्मेल परव्हेडेड द हाउस’.

या वाक्यात ‘परव्हेडेड’ आणि ‘द हाउस’ यांच्यामध्ये काहीही नाही हे बघा. ‘इन’ नाही, ‘थ्रू’ नाही. हे क्रियापद सकर्मक आहे. जी जागा भरली तीच त्याचं कर्म. आपल्याकडे वास ‘घरात’ पसरतो, म्हणून आपली माणसं इंग्रजी लिहिताना ‘परव्हेडेड इन द हाउस’ लिहून मोकळी होतात. मी तपासलेल्या कागदांत या शब्दाची सगळ्यात जास्त दिसलेली चूक हीच. गंमत म्हणजे मराठीतलं ‘व्यापणे’ अगदी ‘परव्हेड’सारखंच वागतं: ढगांनी आकाश व्यापलं, ‘आकाशात व्यापलं’ नव्हे. इंग्रजी लिहिताना मनात ‘पसरणे’ऐवजी ‘व्यापणे’ धरलं तर तो ‘इन’ आपोआप गळतो.

दुसरी चूक म्हणजे ‘परव्हेडिंग एव्हरीव्हेअर’. ‘सगळीकडे’ हे शब्दाच्या पोटातच आहे, वर पुन्हा ‘एव्हरीव्हेअर’ म्हणजे ‘गोल चक्कर’ म्हणण्यासारखं. शिवाय हा शब्द अवस्थेचा असल्यामुळे ‘इज परव्हेडिंग’पेक्षा साधा वर्तमान किंवा साधा भूतकाळ त्याला शोभतो. उलट्या रचनेत ‘बाय’ लावायचं: ‘द हाउस वॉज परव्हेडेड बाय द स्मेल’. ‘विथ’ही दिसतं, पण ‘बाय’ अधिक रुळलेलं.

आणि कर्ता कोण असू शकतो? वास, धूर, शांतता, भीती, उदासी, उत्साह, एखाद्या काळाची हवा, एखाद्या लेखकाच्या लिखाणातला उपहास, भ्रष्टाचार, संशय. थोडक्यात, ज्याला मुठीत धरता येत नाही ते. माणसं ‘परव्हेड’ करत नाहीत. विद्यार्थ्यांनी मैदान ‘परव्हेड’ केलं असं म्हणता येत नाही. पुराचं पाणीही गाव ‘परव्हेड’ करत नाही, ते गावात शिरतं, गाव बुडवतं. पुरानंतर आठवडाभर भिंतींना जो कुबट वास राहतो, तो मात्र गाव ‘परव्हेड’ करतो.

उच्चाराबद्दल दोन ओळी. जोर ‘व्हेड’वर, ‘पर’ तोंडातल्या तोंडात. ‘परव्हेसिव्ह’मध्येही जोर ‘व्हे’वरच. ‘परव्हे’ हा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ पुरवठा करणे; त्यावरून आलेला ‘परव्हेअर’ म्हणजे पुरवठादार, त्याचा इथे काही संबंध नाही.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘पेर’ म्हणजे आरपार आणि ‘वादेरे’ म्हणजे जाणे. आरपार जाणारं ते ‘परव्हेड’. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला. ‘वादेरे’ची इतर पोरं आपल्या ओळखीची आहेत: आत घुसणारं ‘इन्व्हेड’, निसटून जाणारं ‘इव्हेड’. करचुकवेगिरीचं ‘टॅक्स इव्हेजन’ याच घरातलं. पण मला जास्त रमायला होतं ते ‘पर’वाल्या भावंडांत. ‘परफ्यूम’ हा मुळात ‘धुरातून’ आलेला शब्द आहे: धूप जाळून जागा भारून टाकणे. म्हणजे आजीची उदबत्ती खरा ‘परफ्यूम’, बाटलीतलं अत्तर नंतरचं. वर्षाच्या आरपार टिकणारं ते ‘पेरेनिअल’; आपण त्या नदीला बारमाही म्हणतो. आणि ‘परकोलेट’ म्हणजे गाळत-गाळत आरपार जाणे. ‘परकोलेशन टँक’ला मराठीत पाझर तलाव म्हणतात. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव हे तलाव खोदले गेले. तलाव आटला की लोक म्हणायचे ‘पाणी गेलं’, पण ते गेलेलं नसे, जमिनीत मुरलेलं असे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागत असे. पाझर तलाव हा सरकारी कामातला शब्द असूनही शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसला, कारण ‘पाझर’ आधीपासून त्याचाच होता. भाषांतर असं जमावं.

‘परव्हेड’चा सगळ्यात जवळचा भाऊ ‘परमिएट’, आणि त्यांची अदलाबदल सर्रास होते. कोशांतही एकाच्या अर्थात दुसरा दिलेला असतो. मी यांना लिंबाच्या लोणच्यानं वेगळं करते. फोडी चिरल्या, मीठ-तिखट लावलं, बरणीला दादरा बांधला. पहिल्या आठवड्यात मीठ फोडीच्या बाहेर आहे, साल कडक आहे, चावलं की कडू लागतं. महिन्याभरानं सालीतल्या बारीक छिद्रांतून मीठ आत गेलेलं असतं, साल मऊ पडते, रंग बदलतो, कडवटपणा जातो. हे ‘परमिएट’: एक घट्ट वस्तू, तिच्यातली छिद्रं, त्यातून हळूहळू आत शिरणारं काहीतरी. मराठीत याला एकच अचूक शब्द आहे, मुरणे. आणि बरणी उघडल्या-उघडल्या स्वयंपाकघर भरून जातं तो हिंग-मेथीचा वास ‘परव्हेड’ करतो. त्यानं कशात शिरायचं नसतं, त्याला फक्त जागा भरायची असते. ‘परमिएट’मध्ये शिरण्याच्या वाटेवर लक्ष असतं, ‘परव्हेड’मध्ये भरलेपणावर. म्हणूनच भूगर्भशास्त्रात, औषधशास्त्रात, पातळ पडद्यांतून गाळण्याच्या तंत्रात ‘परमिएबल’ चालतं, ‘परव्हेडेबल’ असा शब्द कुणी वापरत नाही. व्याकरणातही ‘परमिएट’ थोडा सैल आहे, त्याच्यापुढे ‘थ्रू’ चालून जातं.

‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असं आपण संशयानं म्हणतो, ती भिंत ‘परमिएबल’ आहे एवढंच नव्हे तर आतून कुणीतरी तिला ओल आणतंय, असा त्याचा रोख असतो. ही म्हण इंग्रजीत नेताना माझी नेहमी फजिती होते, पण तो वेगळा विषय.

तिसरा एक नाजूक शब्द आहे, ‘सफ्यूज’. त्याचं मूळ ‘ओतणे’ या अर्थाचं आहे, आणि तो मुख्यतः रंग, उजेड, ओल यांच्यासाठी वापरतात. गालांवर चढलेली लाली, मावळतीला भिंतीवर आलेला केशरी उजेड, डोळ्यांत तरळलेलं पाणी. दुर्गंधीला ‘सफ्यूज’ म्हटलं तर वाचणारा हसेल.

आता ‘व्याप्त’कडे येऊ, कारण लाल रेघ तिथेच बसली आहे.

शब्द म्हणून तो चुकीचा नाही. ‘वि’ आणि ‘आप्’ मिळून ‘व्याप्’ होतो. आप् म्हणजे पोहोचणे, मिळवणे. प्राप्त, समाप्त, पर्याप्त आणि व्याप्त ही चारही एकाच धातूची लेकरं. लॅटिननं ‘आरपार जाणं’ पकडलं, संस्कृतनं ‘सगळीकडे पोहोचणं’ पकडलं. आणि संस्कृतात ही कल्पना फार मोठ्या गोष्टींसाठी वापरली गेली. विष्णू या नावाचा अर्थच परंपरेनं ‘व्यापून राहिलेला’ असा सांगितला जातो. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘मया ततमिदं सर्वम्’ आहे, तिथे इंग्रजी भाषांतरकारांनी वारंवार ‘परव्हेडेड’ योजला. मुळातला ‘ततम्’ तन् धातूचा, म्हणजे ताणलेलं, पसरलेलं, तंतूही त्यातूनच. आणि त्याच श्लोकावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी काय दाखला दिला? दूध मुरून दही होतं, तेव्हा दही दुधापासून वेगळं काढून दाखवता येत नाही, तसं हे जग. बघा, व्यापण्याची एवढी थोर कल्पना मराठीत आली आणि पहिल्याच फटक्यात विरजणाच्या भांड्यात शिरली. हा मला आपल्या भाषेचा स्वभाव वाटतो आणि पुढचं सगळं उत्तर यावरच उभं आहे.

‘ओतप्रोत’चीही अशीच गोष्ट. ‘प्रेमानं ओतप्रोत भरलेलं पत्र’ असं आपण लिहितो, आणि बहुतेकांना वाटतं की हे ओतण्यावरून आलंय. तसं नाही. ओत आणि प्रोत म्हणजे विणलेले आडवे-उभे धागे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारत सुटते की हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे, आणि ते ज्यात आहे ते पुन्हा कशात? कापडातून धागा वेगळा काढला तर कापड उरत नाही. ‘परव्हेड’ची याहून चांगली व्याख्या मला इंग्रजी कोशांत सापडलेली नाही.

न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, तर ‘व्याप्ती’ हा पारिभाषिक शब्दच आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा जो न चुकणारा संबंध, ती व्याप्ती. अग्नी व्यापक, धूर व्याप्य. इंग्रजीत याला ‘परव्हेजन’ म्हणतात, आणि एरवीच्या इंग्रजीत क्वचित दिसणारं हे नाम भारतीय तर्कशास्त्राच्या पुस्तकांत मात्र पानोपानी भेटतं. इतकं क्वचित, की संगणकालाही ते ओळखीचं नसतं. तत्त्वज्ञानाच्या एका विद्यार्थ्याचा इंग्रजी प्रबंध मी शेवटचा हात फिरवायला घेतला होता. शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रणेनं प्रत्येक ‘परव्हेजन’चं ‘परव्हर्जन’ करून ठेवलं होतं. धूर आणि अग्नी यांच्यातली विकृती अशी साठ पानं मी वाचली. पहिली चार पानं मला वाटत होतं की हा काहीतरी नवा सिद्धांत आहे.

असा हा शब्द देव, विश्व, आकाश, तर्क यांच्या सहवासात वाढलेला. मग रोजच्या मराठीत त्याचं काय झालं? ‘व्याप’ म्हणजे कामाचा पसारा: ‘नसता व्याप मागे लावून घेतलास’. ‘व्याप्ती’ म्हणजे योजनेची किंवा चौकशीची कक्षा. ‘व्यापणे’ जागा अडवण्यासाठी: कपाटानं अर्धी खोली व्यापली. आणि नुसतं ‘व्याप्त’ आज बहुतेक लोक ऐकतात ते एकाच जोडशब्दात, पाकव्याप्त काश्मीर. तिथे त्याचा अर्थ बळकावलेला. आता ताईंचं वाक्य पुन्हा वाचा: ‘सभेमध्ये अस्वस्थतेची भावना व्याप्त होती.’ एका कानाला ते स्तोत्र वाटतं, दुसऱ्या कानाला सरहद्दीची बातमी. अस्वस्थतेला चार हात तरी फुटतात किंवा हातात बंदूक तरी येते. तपासणाऱ्याला हे जाणवलं असणार, शब्दांत मांडायला वेळ नसेल.

‘व्यापक’ हा याहून मोठा खड्डा आहे. ‘परव्हेसिव्ह’ला व्यापक लिहायचं हे आपण कोशातून उचलतो. पण मराठीत व्यापक म्हणजे ऐसपैस, सर्वसमावेशक, मोठ्या आवाक्याचं: व्यापक दृष्टिकोन, व्यापक जनहित, व्यापक चर्चा. शब्दाचा कल चांगल्याकडे आहे. ‘परव्हेसिव्ह’चा कल बहुतेक वेळा वाईटाकडे असतो, त्याच्या मागे भीती, दारिद्र्य, भेदभाव, लाचखोरी असलं काहीतरी येतं. मूळ क्रियापद ‘परव्हेड’ तटस्थ आहे, शांतताही ‘परव्हेड’ करते. विशेषण मात्र बिघडलं.

यात मी स्वतः कशी पडले ते सांगते. लेखापरीक्षणावरची एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करत होते. त्यात ‘मटेरियल बट नॉट परव्हेसिव्ह’ हा शब्दप्रयोग वारंवार होता. मी खुशाल लिहिलं, ‘महत्त्वाची परंतु व्यापक नसलेली चूक’. पुस्तिका ज्यांच्यासाठी होती त्या सीए बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘अहो, हे वाचून माझ्या मुलांना वाटतंय की व्यापक नाही म्हणजे रक्कम लहान आहे. रक्कम कोटीत असू शकते!’ मग त्यांनी मला बसवून समजावलं. भारतात लेखापरीक्षकांसाठीचं 705 क्रमांकाचं मानक आहे, त्यात हा शब्द ठरीव अर्थानं येतो. समजा गोदामातल्या मालाची किंमत चुकीची धरली. चूक मोठी आहे, पण ती मालाच्या नोंदीपुरती आहे. बोट ठेवून दाखवता येते. तेवढा अपवाद नोंदवून लेखापरीक्षक बाकीचे हिशोब ठीक म्हणतो, हा सशर्त अभिप्राय. आता समजा कंपनीनं आपली एक उपकंपनी एकत्रित हिशोबात धरलीच नाही. मग मालमत्ता, कर्ज, विक्री, नफा, सगळ्याच आकड्यांत ती चूक उतरते. एक ओळ दुरुस्त करून भागत नाही, पूर्ण ताळेबंदावरचा विश्वासच जातो. ही ‘परव्हेसिव्ह’ चूक, आणि तिथे अभिप्राय प्रतिकूल. एका नोंदीपुरती असूनही हिशोबाचा फार मोठा हिस्सा बाधित करणारी चूकही या व्याख्येत बसते, पण मुख्य कसोटी ही की चुकीला कड आहे का.

मी ती ओळ बदलली: ‘चूक महत्त्वाची आहे, पण तिचा परिणाम ठरावीक नोंदींपुरता मर्यादित आहे.’ आणि जिथे नुसतं ‘परव्हेसिव्ह’ होतं तिथे ‘सगळ्या हिशोबात उतरलेली’. एका विशेषणाचं पूर्ण उपवाक्य झालं. होऊ दे. कागद वाचणाऱ्याला चुकीचा अर्थ लागण्यापेक्षा दोन ओळी वाढलेल्या बऱ्या.

आरोग्याच्या पुस्तिकांत हाच शब्द ‘परव्हेसिव्ह डेव्हलपमेंटल डिसऑर्डर’ म्हणून भेटायचा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानसूचीत हे नाव 1980 मध्ये आलं आणि 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ते जाऊन सगळं स्वमग्नतेच्या एका पट्ट्याखाली घेतलं गेलं. जुन्या कागदांत मात्र ते अजून सापडतं. तिथे ‘परव्हेसिव्ह’ म्हणजे मुलाच्या वाढीच्या एकाच अंगाला नव्हे, तर बोलणं, मिसळणं, खेळणं, वागणं अशा अनेक अंगांना स्पर्श करणारं. ‘व्यापक विकासात्मक विकार’ असं भाषांतर मी सरकारी छापाच्या पत्रकांत पाहिलं आहे. त्यातून आईबापांना वाटायचं, विकार फार मोठा आहे, तीव्र आहे. तीव्रतेबद्दल तो शब्द काहीच बोलत नव्हता.

आता ‘वाइडस्प्रेड’ आणि ‘प्रिव्हलंट’. ‘वाइडस्प्रेड’ नकाशावर दिसतं: खूप ठिकाणी आहे, पण मध्ये मोकळ्या जागा असू शकतात. अवकाळी पावसानं झालेलं नुकसान ‘वाइडस्प्रेड’ असतं, एका गावचा द्राक्षबाग झोपतो आणि शेजारचा वाचतो. मराठीत ठिकठिकाणी, बऱ्याच भागांत, सर्वदूर. ‘प्रिव्हलंट’ प्रमाणाबद्दल बोलतं: किती जणांत आढळतं. याचं मूळ ‘बळ असणे’ या अर्थाचं आहे, ‘पर’शी त्याचा संबंध नाही, दिसायला सारखं आहे इतकंच. वैद्यकात तर त्याचं नाम मोजमापाचं आहे: एखाद्या वेळी लोकसंख्येत एकूण किती रुग्ण आहेत ते ‘प्रिव्हलन्स’, आणि ठरावीक काळात नवे किती झाले ते ‘इन्सिडन्स’. डेंग्यू ‘प्रिव्हलंट’ असतो, ‘परव्हेसिव्ह’ नसतो. डेंग्यूची धास्ती मात्र शहर ‘परव्हेड’ करू शकते. ‘रॅम्पंट’ला आपल्याकडे बोकाळणे, माजणे असे झणझणीत शब्द आहेत. ‘युबिक्विटस’ म्हणजे जिथे बघाल तिथे. हल्लीचा मोबाइल तसा आहे, जळी-स्थळी-काष्ठी-पाषाणी. पण प्रत्येक मोबाइल सुटा उचलता येतो, म्हणून तो ‘परव्हेसिव्ह’ म्हणायला माझी जीभ थोडी अडते. संगणकशास्त्रवाले मात्र दोन्ही म्हणतात, त्यांना अडवायला मी कोण!

मग ‘परव्हेड’ला मराठीत काय? एक शब्द नाही, आणि तो नाही याचं मला वाईट वाटत नाही. इंग्रजीत वास, भीती, लाच, संगीत सगळ्यांना एकच क्रियापद. मराठीत प्रत्येक पदार्थाचं क्रियापद वेगळं. मोगरा दरवळतो, साजूक तुपातल्या शिऱ्याचा घमघमाट सुटतो, धूर कोंदतो, कुबट वास भरून राहतो. विष भिनतं, नाद भिनतो, शिस्त अंगात भिनते. दुःख दाटतं, काळोख दाटतो. लाचखोरी पार खालपर्यंत झिरपते किंवा मुरते. ‘मुरलेला पुढारी’ म्हटल्यावर आणखी काही सांगायला लागत नाही. चोर आणि उंदीर यांचा सुळसुळाट होतो. कीर्तनाला मंडप भारून जातो. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम हाच असतो: पसरतंय काय? ‘परव्हेड’ बाजूला ठेवा, कर्ता बघा, कर्ताच आपलं क्रियापद घेऊन येतो.

राहिलं ते ‘सगळीकडे, एकही कोपरा न सोडता’. इंग्रजीनं ते ‘पर’मध्ये, क्रियापदाच्या डोक्यावर ठेवलं. मराठीनं ते जागेच्या शेपटाला लावलं: भर. घरभर वास, गावभर बोभाटा, अंगभर पुरळ, रात्रभर पाऊस. मूठभर, चमचाभर, ओंजळभर यांतलाच हा ‘भर’. म्हणजे आपण घराकडे, गावाकडे, रात्रीकडे एखादं भांडं म्हणून बघतो आणि ते काठोकाठ भरलंय असं सांगतो. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली, आणि आलं तेव्हा एवढी साधी गोष्ट कुणी आधी का नाही सांगितली म्हणून चिडचिड झाली. ‘द स्मेल परव्हेडेड द हाउस’ म्हणजे ‘घरभर वास भरून राहिला’. इंग्रजी क्रियापदाचे दोन तुकडे झाले: ‘पर’चा ‘भर’ झाला आणि उरलेलं वासानं आपल्यापुरतं निवडलं.

‘भर’ प्रत्येक नामाला लागत नाही. प्रशासनभर, समाजभर, साहित्यभर हे कानाला टोचतं. जिथे जागा खरोखर भांड्यासारखी डोळ्यांपुढे येत नाही, तिथे दुसऱ्या वाटा धराव्या लागतात: पानोपानी, पदोपदी, ठायी ठायी, नसानसांत, वरपासून खालपर्यंत. एका कादंबरीबद्दल ‘अ क्वाएट आयरनी परव्हेड्स द बुक’ असं वाक्य होतं. मी ‘पुस्तकाच्या पानोपानी एक हलका उपरोध आहे’ असं केलं. क्रियापद नुसतं ‘आहे’ राहिलं, आणि पुरलं. ‘करप्शन परव्हेड्स द सिस्टीम’ला ‘शिपायापासून साहेबापर्यंत पैसे चालतात’ असं एका मुलाखतीच्या भाषांतरात केलं होतं, कारण बोलणारा माणूस तसाच बोलणारा होता. तेच वाक्य अहवालात आलं असतं तर ‘सगळी यंत्रणा भ्रष्टाचारानं पोखरलेली आहे’ म्हटलं असतं. पोखरणं हे वाळवीचं काम, आतून पोकळ करण्याचं. इंग्रजीपेक्षा ते एक पाऊल पुढे जातं, म्हणून आधी मूळ लेखकाला एवढं म्हणायचंय का ते बघावं लागतं.

आणि कधीकधी मराठीलाही साधं पसरणंच रुचतं, हेही कबूल करायला हवं. ‘ग्लूम परव्हेडेड द व्हिलेज’ला आपले बातमीदार ‘गावावर शोककळा पसरली’ लिहितात. शिळा प्रयोग आहे, पण खोटा नाही. तिथे ‘गावावर’ हा शब्दच गावाला वरून झाकणारं काहीतरी दाखवतो, म्हणून पसरणं चालून जातं.

तर ताईंचं वाक्य. पसरतंय काय? अस्वस्थता. ती मराठीत दरवळत नाही, भिनतही नाही. ती असते, जाणवते, भरून राहते. ‘सेन्स ऑफ’ला ‘भावना’ लिहायची गरज नाही, मराठीत अस्वस्थता ही आधीच भावना आहे. जागा कुठली? सभा. सभा ही खोलीपेक्षा वेळ आहे, सुरू होते आणि संपते, म्हणून ‘भर’ छान बसतो. ‘मीटिंग’ कचेरीतली असेल तर सभा म्हणू नका, बैठक म्हणा; सभेला मांडव आणि ध्वनिवर्धक लागतो. मी लिहीन, ‘बैठकभर एक अस्वस्थता जाणवत होती’. कथेतलं वाक्य असेल आणि थोडी मोकळीक घेता येत असेल तर, ‘बैठक संपेपर्यंत कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता’.